यांची आता गरज नाही

सकाळपासून लॅपटॉप स्वतःवर नवी आवृत्ती चढवून घेत होता आणि मी त्याच्यासमोर बसून शेंगा फोडत होते. दुपारी तीनच्या सुमारास त्याचं उरकलं आणि पडद्यावर एक चौकट आली. आत इंग्रजी नावांची लांबलचक यादी आणि तिच्या डोक्यावर एक ओळ. मराठीत तिचा अर्थ एवढाच होतो: यांची आता गरज नाही, काढून टाकायच्या का? खाली दोन बटणं. ठेवा आणि काढा. शेंगेचं टरफल हातात तसंच राहिलं. ही ओळ मी ओळखते. चार वर्षांपूर्वी याच दिवसांत, याच ओसरीत ती माझ्यासमोर आली होती आणि मी तिला हो म्हटलं होतं.

बाहेर पश्चिमेकडून वारा सुटलाय. मे महिन्यात केळीच्या बागेत वारा शिरला की जो आवाज येतो तो पानांचा वाटत नाही. कोणीतरी कोरं मांजरपाट टराटरा फाडत चाललंय असं वाटतं. माझे वडील, आबा, ओट्यावर खुर्ची टाकून बागेकडे तोंड करून बसलेत. चार वर्षांत त्यांच्या तोंडून एक शब्द निघालेला नाही आणि निघणारही नाही. वाऱ्याचं त्यांना माझ्याआधी कळतं, कारण त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट होतो. आत्ताही झालाय.

आखाजी होऊन पाच दिवस झाले. बाकीचा महाराष्ट्र तिला अक्षय्य तृतीया म्हणतो आणि सोनंबिनं बघतो. आमच्या खान्देशात तो लेकींचा सण. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात. आणि त्याच सकाळी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. एकीकडे झोका आणि दुसरीकडे पितर, यात लहानपणी मला काही वावगं वाटलं नाही. त्या वर्षी मात्र घागरीपुढे हात जोडताना माझे डोळे मिटेनात. शेजारी आबा उभे होते, आणि पुढच्या आखाजीला ही घागर कोणासाठी भरायची, हा विचार काही केल्या हाकलता येईना. तो विचार मी एकाच माणसाच्या बाबतीत करत होते, हे आता ध्यानात येतं.

आबांचा आवाज म्हणजे काय होता ते सांगायला हवं. कालव्याच्या या काठावरून त्यांनी हाक मारली की पलीकडच्या काठावरचा माणूस स्वतःची कामं टाकून उभा राहायचा. दिवाळीत तो आवाज बसला. उसाचा रस बाधला, फवारणीचं औषध घशात गेलं, थंडी लागली. आम्ही घरबसल्या सगळे डॉक्टर झालो. शिमग्यापर्यंत तो आवाज कागद चुरगळल्यासारखा येऊ लागला, तेव्हा कुठे जळगाव गाठलं. तपासण्यांत चैत्र गेला, मग तिथल्या डॉक्टरांनी पाणी न घालता सांगितलं. घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. आखाजीनंतरचा आठवा दिवस ठरला.

आबांनी एकच प्रश्न विचारला. "पानी पिता येईन ना?" डॉक्टर हो म्हणाले, आणि आबा चपला शोधायला लागले.

तिथेच एक बाई होत्या, आवाज गेलेल्यांना पुन्हा बोलतं करणाऱ्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. तुमच्याकडे आठ-दहा दिवस आहेत, म्हणाल्या, तोवर त्यांच्याच आवाजात रोजचे शब्द भरून ठेवा. बोलक्या पाटीचा एक प्रोग्राम असतो. पडद्यावर चौकोन दिसतात, प्रत्येक चौकोनात एक शब्द. चौकोन दाबला की माणसाचा स्वतःचा आवाज येतो. पुढे यंत्र लावून बोलायला आम्ही शिकवूच, पण तो आवाज त्यांचा नसेल. आणि घशाला ताण देऊ नका, एकेक शब्द एकदाच, फार तर दोनदा.

फोनवर का नाही भरले, असं कोणीही विचारेल. करून पाहिलं ना. आबांसमोर फोन धरला की ते ओरडतात. पलीकडचा माणूस लांब असतो, हे त्यांच्या हाडात बसलंय. "आबा, कोणी नाहीये पलीकडे, नुसतं 'जेवलीस का' म्हणा." त्यांनी मान हलवली आणि एवढ्या जोरात म्हणाले की शेजारची म्हैस वळून बघायला लागली. मग ते पाच मिनिटं खोकत राहिले आणि रुमालावर लालसर काहीतरी आलं. फोन मी उचलून ठेवून दिला.

उरला लॅपटॉप. आणि तो मी आदल्याच महिन्यात उलटा करून ठेवला होता. मी जळगावला शाळेत शिकवते. माझं यंत्र म्हातारं, विंडोजची नवी आवृत्ती त्याच्या कुवतीबाहेरची आणि जुनी जड झालेली. आमच्या शाळेच्या संगणक कक्षात अख्खी नोकरी काढून निवृत्त झालेले एक नाना आहेत, धुळ्याचे. त्यांनी सांगितलं, विंडोज काढून लिनक्स घाला, म्हातारं पुन्हा पळायला लागेल. एकदा शाळेत आले असताना त्यांनीच घालून दिलं आणि ते पळालंही. पण त्यावर नवीन काही बसवायची वेळ माझ्यावर आली नव्हती. आली ती नेमकी अशा वेळी.

विंडोजवर मी वाढले. तिथं प्रोग्राम घालणं म्हणजे काय, इंटरनेटवरून सेटअप उतरवायचा, दोनदा टिचकी मारायची आणि पुढे, पुढे, पुढे करत सुटायचं. मधलं काही वाचायचं नसतं. वाचणाऱ्याला मी खुळ्यात काढलं असतं. तसाच सेटअप उतरवला आणि टिचकी मारली. तर यंत्र मलाच विचारतंय, हे कशानं उघडू? पुन्हा मारली, पुन्हा तेच. दारात पाहुणा उभा आणि घरातला माणूस म्हणतोय मी यांना ओळखत नाही. मी धुळ्याला फोन लावला.

"ताई, तठे बजारमातून काही आनानं नही," नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "घरनी कोठी शे. कोठीकडे मागानं, ती दी." आणि पुढे, मला धीर यावा म्हणून, "घाबरू नको, मी शे ना."

बाजारातून काही आणायचं नाही, घरच्या कोठीकडे मागायचं, ही गोष्ट मला पटली. एका काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायची, कोठीतून वस्तू येते, आणि काय आलं, कोणासाठी आलं, याची नोंद ती कोठी ठेवते. काळा पडदा मात्र पटला नाही. तो पासवर्ड मागतो आणि आपण टाइप करतो तेव्हा त्यावर काहीच उमटत नाही, साधे ठिपकेसुद्धा नाहीत. बोटं चालताहेत आणि समोर काळोख. भर दुपारी, पंचेचाळीस अंशांत, दारं-खिडक्या लावून बसलेल्या त्या ओसरीत माझ्या पाठीवरून काटा सरकला. आबा माझ्या खांद्यावरून बघत होते. कर्सर लुकलुकत होता.

"डोये मिचकावून रायला," ते फाटक्या आवाजात म्हणाले, "पन बोलत नही."

कोठीतून बोलकी पाटी आली, तीही एकटी नाही. सोबत बारा जण. आवाज पकडणारा एक, साठवणारा एक, अक्षरं दाखवणारा एक, असे तिचे बारा मदतनीस. लग्नाला एकाला बोलवावं आणि त्यानं अख्खी भावकी आणावी, तशातली गत. पण कोठीतली ती पाटी जुनी निघाली, तिच्यात आपला आवाज भरायची सोयच नव्हती. मग नानांनी नवी पाटी एका बांधलेल्या गाठोड्यात पाठवली. म्हणाले, कोठीतली काढून टाक, हे गाठोडं सोड आणि आतली पाटी तिथूनच चालव. मी तसं केलं. नवी पाटी पहिल्या झटक्यात उघडली. चौकोनच चौकोन, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका. तो दाबायचा आणि बोलायचं. आबांच्या कॉलरला छोटा माइक लावला तर ते त्याच्याशी हळू बोलले, कारण तो जवळ होता.

तीन दुपारी आम्ही शब्द भरले. त्या दुपारी मला जशाच्या तशा आठवतात. पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. कपाळावरून घाम आणि बाहेर चिटपाखरू नाही. मी यादीतला शब्द वाचायची, आबा तो दोनदा मनात म्हणायचे, आणि मग एकदाच मोठ्यानं. पानी दे. बस झालं. कोन हाय? जेवली का व? पाय दुखून रायले. ये पोरी. त्यातलं 'ये पोरी' माझ्यासाठी होतं. ते भरताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही ठिपक्याकडेच बघत राहिले. एकेक शब्द त्यांच्यातून निघून त्या चौकोनात जात होता आणि मला वाटत होतं, आपण भरत नाही आहोत, उपसतो आहोत.

यादीत पहिलं कलम होतं घरातल्या माणसांची नावं. माझं झालं, भावाचं झालं, त्याच्या लेकरांची झाली. मग मी म्हटलं, "आता आईचं."

आबांनी कॉलरच्या माइकवर हात ठेवला. "तुह्या मायचं नाव मी कायले घेऊ?"

खरंच होतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आबांनी आईला नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. आमच्याकडे त्या पिढीत कोणी मारतही नाही. आबा पुढच्या दारात उभे राहायचे आणि खाकरायचे. एक आखूड, एक लांब. आई मागच्या अंगणात असो, गॅसपाशी असो, शेजारणीशी भांडत असो, तिथून "आली, आली" म्हणत निघायची. गल्लीत दिवसातून पन्नास माणसं खाकरतात. आईची चूक कधी झाली नाही. पाण्याचा तांब्या की चहा की नुसतं बसायला ये, हेसुद्धा तिला खाकरण्यावरून कळायचं, असं ती सांगायची, आणि मला ते खोटं वाटायचं नाही.

"मग आवाज गेल्यावर हाक कशी मारणार?" मी विचारलं.

आबांनी यावर विचार केला नव्हता. मीही नव्हता केला. घसा काढल्यावर शब्द जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण खाकरणंही त्याच वाटेनं येतं हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी हळूच, आवाज न करता, ते तोंडातल्या तोंडात करून पाहिलं. "हेच घे मंग त्याच्यात," म्हणाले. आणि लगेच मागच्या दाराकडे बघून, "आता नको. ती तठी कुरडया घालून रायली. ऐकीन. शेवटी घेऊ."

त्या वयात ते लाजले होते. मी हसले आणि तो चौकोन शेवटी ठेवला. ते हसणं आज मला महाग वाटतं.

तिसऱ्या दुपारी खाकरणं सोडून सगळं भरून झालं. आवाज जरा बारीक वाटत होता, म्हणून मी कोठीकडून आवाज वाढवायचा एक छोटा प्रोग्राम मागितला. तो आला, आणि त्याच्या पाठोपाठ काळ्या पडद्यावर ती ओळ आली. पुढील वस्तू कोणासाठी तरी आणल्या होत्या, त्यांची आता गरज नाही. काढायच्या असतील तर अमुक आज्ञा लिहा.

"काय म्हनते ते?" आबांनी विचारलं.

"बारा जण फुकट बसलेत म्हणतंय. जिच्यासाठी आले होते ती जुनी पाटी गेली."

"मंग काप. पिलं ठेवली तं माय खंगते."

केळीच्या घरात जन्मलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. केळीच्या बुडाशी सारखी पिलं फुटतात. ती आईचं पाणी पितात, तिच्या वाटचं खत खातात. दर पंधरवड्याला विळा घेऊन ती उडवायची असतात. आम्ही चालायला लागल्यापासून ते बघत आलो. पील दिसलं की हात आपोआप विळ्याकडे जातो. कधी कापायचं नाही, कोणतं राखायचं, हे आबांना कळायचं, आम्हाला नुसतं कापायचं कळायचं. आणि त्या दिवशी तर सांगणारे आबाच होते.

मी आज्ञा लिहिली. यंत्रानं पुन्हा बारा नावं दाखवली आणि पुन्हा विचारलं, नक्की? नाना रोज फोनवर एकच गोष्ट घोकून घेत होते, "वाची ल्हे पहिले, मंग दाब." मी वाचलं नाही. विंडोजचं पुढे-पुढे आणि केळीचा विळा, दोन्ही सवयी एकाच बोटात उतरल्या. एकेक नाव ओळीनं गेलं.

"आता मोकयं झालं," आबा समाधानानं म्हणाले.

मग मी शेवटचा चौकोन भरायला पाटी उघडली. ती उघडली नाही. चूक झाली असंही तिनं सांगितलं नाही. टिचकी मारली, बाण क्षणभर फिरला आणि थांबला, जणू मी काही केलंच नव्हतं. पुन्हा मारली. आबा कॉलरचा माइक सरळ करून, खाकरायच्या तयारीत, माझ्याकडे बघत होते.

नानांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, त्या बारा जण तू काढी टाकात का?"

त्यांनी समजावून सांगितलं ते सरळ होतं. बारा जणांची नोंद कोठीच्या वहीत जुन्या पाटीच्या नावावर होती. नवी पाटी मी माझ्या हातानं बाहेरून आणून ठेवली, तिचं नाव वहीत नाही. पण ते बारा जण त्या दिवसापासून तिच्यासाठी राबत होते. वहीत नाव नाही म्हणून कोठीला ते रिकामे दिसले. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यानं सांगितलं, दोनदा विचारलंसुद्धा. हात दाखवून अवलक्षण केलं ते मी. "भरलेला आवाज कुठं जात नही, तो शे तठेच," नाना म्हणाले. "त्यासले परत बोलाव, दोन मिनिटनं काम."

त्या दोन मिनिटांसाठी इंटरनेट लागणार होतं. मी फोन खाली ठेवला तेव्हा ओसरीत अंधारून आलं होतं. चार वाजता. आई मागच्या अंगणातून कुरडयांचं धोतर गोळा करत धावत आली आणि तिच्या मागोमाग वारा आला. त्याच्याबद्दल फार लिहिता येत नाही. पत्रे उडाले, दिवे गेले, फोनच्या पडद्यावरच्या रेघा एकेक करून गेल्या. बागेतून आवाज यायला लागला. केळ मोडताना लाकडासारखा कडाका होत नाही. ओलसर, जड असं काहीतरी बसकण मारतं. धप्प. मग थोड्या अंतरावर पुन्हा धप्प. घड लागलेली झाडं आपल्याच भारानं जातात. आबा दारात उभे राहून ते ऐकत होते.

दोन दिवस वीज नव्हती. गावाबाहेरचा मोबाइलचा मनोरा पडला होता. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, वायर काढली की दहा मिनिटांत मान टाकणारी, तिनं टाकली. फोन तिच्या मागून गेले. भाऊ मजुरांना घेऊन बागेत आडवी झाडं उचलत होता, आणि मी ओसरीत बसून आबांचं खाकरणं ऐकत होते. सकाळी एकदा, न्याहारीला. मग बागेतून आल्यावर. मग चहाला. एक आखूड, एक लांब, आणि आतून आई, "आली, आली." मला प्रत्येक वेळी वाटायचं, हे एक गेलं. आता किती राहिली असतील? कोणी तरी कणगीचं भोक उघडं टाकलंय आणि दाणे सांडताहेत, आणि माझे हात बांधलेले. आखाजीनंतर सातव्या दिवशी जीपमध्ये बसताना ते शेवटचं खाकरले. आई आधीच जीपमध्ये बसलेली होती. ती "इथं हाय ना" म्हणाली.

दवाखान्यात वीज होती, फोनला रेघा होत्या. शस्त्रक्रियेच्या सकाळी खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर बसून मी काळा पडदा उघडला. नाना फोनवर होते. "जुनी पाटी परत बोलाव, तिना मागे बारा जण येतीन. मंग तिले हात लावू नको, राहू दे तठेच." मी प्रत्येक नाव बोट ठेवून वाचलं, पहिलीतल्या पोरीसारखं. बारा. हो म्हटलं. पाटी उघडली. नर्स डोकावून म्हणाली, दहा मिनिटांत नेतो.

आबा हिरव्या झग्यात पलंगावर बसले होते. मी माइक लावला, लाल ठिपका दाबला. "आबा, खाकरा."

नुसता खोकला आला. पुन्हा केलं, पुन्हा खोकला. आई त्यांचा शर्ट घडी करून छातीशी धरून समोरच उभी होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ती तं इथीच उभी हाय," ते म्हणाले. "मंग कायले खाकरू?"

मी आईकडे वळले. "आई, बाहेर जा." तिला कळेना. "जा ना, दार लावून घे." ती शर्टासकट बाहेर गेली. दार लागलं. ठिपका चालू होता. आबा त्या बंद दाराकडे बघत बसले. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर मी लहानपणापासून बघितलेलं काहीतरी आलं, ती बारीकशी घाई, कुठं गेली ही. आणि ते खाकरले. एक आखूड, एक लांब.

"आली, आली," बाहेरून आई म्हणाली आणि दार ढकलून आत आली. कशासाठी बाहेर पाठवलं होतं ते ती साफ विसरली होती. तिच्या मागेच आबांना न्यायला आलेली ढकलगाडी होती. पुन्हा भरायला वेळ नव्हता. मी ठिपका बंद केला आणि त्या चौकोनाला हिरवा रंग दिला. नाव दिलं नाही, काय देणार?

घरी आल्यावर पंधराएक दिवसांनी आबांनी तो पहिल्यांदा दाबला. लॅपटॉपमधून खाकरणं आलं आणि त्याला लागूनच आईचं "आली, आली." स्वयंपाकघरातली खरी आई उलथनं घेऊन दारात येऊन थबकली. "म्या तोंड उघडलं नही, त्याच्या आधी म्या कशी आली?" ती चिडलीच. "आता म्या नही आली तरी तुमचं भागते." मी म्हटलं, तुझा तुकडा कापून टाकता येईल, त्यासाठी वेगळा प्रोग्राम असतो. "काप मंग," आई म्हणाली. आबांनी हात आडवा केला. कापायला नको म्हणताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आई बडबडत आत गेली, पण पुढे त्या चौकोनाची तिला सवय झाली. खाकरणं आलं की ती लॅपटॉपातल्या स्वतःच्या आधी पोचायचा प्रयत्न करायची आणि कधीकधी जिंकायची.

आम्ही सगळे आबांकडे बघत राहिलो. तपासण्या, जळगावच्या फेऱ्या, गळ्याचं भोक, त्याची निगा, आणि आबांनी हातही न लावलेलं ते बोलायचं यंत्र. घडाचं झाड वाकलं म्हणून त्याला चहूकडून टेकू लावावेत आणि नजर फिरली की शेजारचं आडवं व्हावं, तसं झालं. गेल्या माघात आईला ताप आला आणि तीन दिवसांत ती गेली. तिचा आवाज भरून ठेवावा, असं चार वर्षांत माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. यंदाची घागर तिच्या नावानं भरली. डांगर आबांनी ठेवलं. निंबाला झोका बांधला नाही.

माघापासून हिरवा चौकोन कोणी दाबलेला नाही. निदान माझ्यासमोर नाही. आणि आता ही चौकट. मी यादी वाचायला घेतली, बोट ठेवून. नव्या आवृत्तीच्या कोठीत जुनी पाटी उरली नाही, म्हणून तिच्या नावावरचे पुन्हा रिकामे ठरले. बारापैकी नऊ नावं सापडली. दहावं सापडलं. बाहेर धप्प असा एक आवाज झाला, लांबून.

आबा खुर्ची आत घेऊन आले. चौकट पाहून ते थांबले. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण आकार ओळखीचा असावा. भुवया उंचावून त्यांनी मला विचारलं.

"म्हणतंय, यांची आता गरज नाही," मी सांगितलं. "काढायच्या का, विचारतंय."

त्यांनी खुर्ची लॅपटॉपजवळ ओढली आणि बसले. मी 'ठेवा' दाबलं. चौकट गेली, मागची पाटी दिसायला लागली. वारा वाढला होता, म्हणून मी उठून खिडक्या लावायला लागले. शेवटच्या खिडकीची कडी घालत असताना मागून आबा खाकरले. एक आखूड, एक लांब.

"आली, आली," आई म्हणाली.

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून पाहिलं. आबाही तिकडेच बघत होते.